आधी आलेला कडू घास

लग्नाआधी एकदा शेतात बैल उधळला होता, तेव्हा मी पळाले होते. त्यानंतर थेट पन्नाशीला टेकल्यावर. मधल्या सगळ्या वर्षांत आमच्या घरात पळायचं खातं नवऱ्याकडं होतं आणि बोलायचं माझ्याकडं.

ते एका खासगी शाळेत पीटीचे शिक्षक. शाळा सुटली तरी पीटी सुटायची नाही. पहाटे उठून पोलिसभरतीची तयारी करणारी पोरं गोळा करायचे आणि छावणीतून पडेगावच्या रस्त्यानं पार दौलताबादच्या बाजूला पळवत न्यायचे. पोरं दमून कडेला बसली की यांचा आवाज चढायचा. "बसायचं नाय! दम लागला तर चाला, रडा, मला शिव्या द्या, पण बसायचं नाय!" घरी यायचे ते घामानं निथळत, आणि ओला शर्ट खुर्चीच्या पाठीवर. पुंडलिकनगरात घराच्या पुढच्या खोलीत माझी पिठाची गिरणी आहे. मी तिथूनच ओरडायची, "सर, शर्ट उचला, नाहीतर ज्वारीत घालून दळते बघा." सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची. मी चिडले की म्हणायची.

मग त्यांच्या डाव्या पायातली चप्पल सुटायला लागली. चालता चालता चप्पल मागं राहायची आणि हे दोन पावलं पुढं. आम्ही हसलो. मी म्हटलं, नवी घ्या, चिकटपणा सोडा. नवी घेतली, तीही सुटली. मग शर्टाचं बटण लागेना, मग पेला धरवेना. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, हैदराबादला जाऊन आलो. मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या ज्या नसा असतात, त्या एकेक वाळत जातात. डोकं शाबूत राहतं. औषध नाही. डॉक्टर चांगला होता, खोटं बोलला नाही. मला वाटलं, थोडं बोलला असता तर काय बिघडलं असतं?

वर्षभरात ते खुर्चीला लागले. जीभ जड झाली. त्यांचं बोलणं मला आणि लेकीला तेवढं कळायचं, बाकीच्यांना आम्ही सांगायचो. आणि मग ठसका सुरू झाला. भात खाल्ला की ठसका, पाणी प्यायलं की ठसका. जेवण म्हणजे लढाई झाली. डॉक्टर म्हणाले, आता गिळायचे स्नायू चाललेत. अन्न फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया. पोटाला बारीक भोक पाडून नळी बसवू, त्यातून पातळ अन्न सोडायचं, तोंडानं काही द्यायचं नाही. महिने मिळतील, कदाचित वर्ष, जास्तही. घाई नाही, पण पुढची थंडी संपायच्या आत ठरवा. त्यानंतर श्वास इतका कमी होईल की ऑपरेशन झेपणार नाही.

"नको," हे म्हणाले. तेवढं डॉक्टरलाही कळलं.

घरी आल्यावर मी भांडले. मला रडून बोलता येत नाही, भांडूनच बोलता येतं. "नको म्हणजे काय? जगायचं नाही तुम्हाला?"

"जगायचंय," ते म्हणाले. "घास खाऊन. नळीनं नाय."

"पोरांना काय सांगत होता? बसायचं नाय, बसायचं नाय! आणि स्वतः बसलात की हो सर! पडेगावच्या रस्त्यावर कुणी असं बसलं असतं तर लाथ घातली असती तुम्ही."

ते एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तू गिरणीपासून चौकापर्यंत पळून दाखव. मग बोल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "चौक कशाला? थंडीत ती मॅरेथॉन असते ना गावात? सगळी पळते. बेचाळीस किलोमीटर. पळाले, तर नळी. आहे कबूल?"

ते हसले. हसता हसता ठसका लागला, लेक धावत येऊन पाठ चोळायला लागली. ठसका थांबल्यावर डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून ते म्हणाले, "कबूल." लेक साक्षीला होती. लग्न झाल्यापासून त्यांनी मला एकही खोटा शब्द दिला नव्हता, हे मला माहीत होतं. म्हणूनच तो शब्द मी पकडून ठेवला. त्यांना वाटलं असणार, ही काय पळतीय.

मलाही तेच वाटत होतं. पण पैज लावून बसले होते.

त्यांचा एक जुना विद्यार्थी आता पोलिसात शिपाई आहे. त्याला सांगितलं तर तो आधी माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "मॅडम, उद्या पहाटे येतो." लेकीची ट्रॅकपँट, वरून माझा कुर्ता, ओढणी कमरेला बांधलेली, अशी मी निघाले. छावणीच्या पहिल्या वळणावर माझ्या छातीत भाता चालायला लागला. फिरायला आलेल्या बायका थांबून बघायला लागल्या. मी त्या शिपायाला म्हटलं, "मेले मी." तो म्हणाला, "नाय मॅडम, मेलेल्या माणसाला घाम येत नाय."

वैशाखाचं ऊन, मग पाऊस, मग दिवाळी. रोज पहाटे पळायचं, आल्यावर यांचं सगळं करायचं, मग गिरणी लावायची. गुडघे सुजले, पायाची नखं काळी पडली. शेजारणी म्हणायच्या, नवरा असा आणि हिला पळायचं सुचतंय. म्हणेनात का. मला एकच गोष्ट दिसत होती. हा माणूस माझ्यासमोर उपाशी वाळत मरता कामा नये.

आणि गंमत बघा. ज्या माणसाविरुद्ध मी पळत होते, तोच मला पळायला शिकवत होता. मी व्हरांड्यात येऊन कण्हत बसले की यांची जड जीभ सुरू व्हायची. "टाच आधी टेकू नको." "खांदे सोड, डबा उचलल्यावानी धरू नको." "चढावर छोटी पावलं." एकदा लेकीला फोनवर माझं पळणं चित्रित करून आणायला लावलं आणि ते बघून पार वैतागले. "हात बघ तिचे! पीठ चाळतीय का पळतीय?" वाईट पळणं त्यांना बघवतच नव्हतं, मग ते नळीसाठी असो की कशासाठी असो. मी मनात म्हणायची, काय वेडा माणूस आहे, शत्रूच्या हातात हत्यार देतोय. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

मॅरेथॉन पंधरवड्यावर आली तेव्हा जुन्या पोरांनी आमच्या चौकात फ्लेक्स लावला. वर यांचा भलामोठा फोटो, शाळेच्या ब्लेझरमधला, त्याखाली "आमचे सर". त्याच्या खाली माझा पळतानाचा फोटो आणि "सरांसाठी मॅडम धावणार". प्रेमानं केलं पोरांनी. नारळ फोडला. आणि आपल्याकडं काही झालं की हार लागतोच, म्हणून यांच्या फोटोला झेंडूचा जाडजूड हार घातला. कुणाच्याही डोक्यात आलं नाही. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे त्या पोरांना कोण सांगणार? रात्रीतून कुणीतरी कुठल्यातरी भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणून बरोबर खालच्या अर्ध्या भागावर बांधला. सकाळी चौकात काय दिसत होतं? ब्लेझरमधले हे, गळ्यात हार, आणि "आमचे सर".

मला काहीच माहीत नव्हतं. गिरणी सुरू केली. पहिलं गिऱ्हाईक आलं ती मागच्या गल्लीतली बाई. दळणाचा डबा खाली ठेवला, चालू गिरणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "बाई, काळजाची किती खंबीर हो तुम्ही," म्हणाली आणि दळण तिथंच टाकून गेली. दुसरी आली, ती नुसतीच माझा हात धरून उभी राहिली. तिसरी म्हणाली, "कधी झालं?"

"काय कधी झालं?"

"सरांचं."

माझं डोकंच फिरलं. "अहो, हे कुंकू दिसत नाही का माझं? आत खुर्चीत बसलेत ते! या, बघा!"

ती बिचारी पळाली. पण तोवर फ्लेक्सचा फोटो कुणाकुणाच्या मोबाईलवर फिरला होता. माणसं यायला लागली. काही दारातूनच परत गेली, काही खजील होऊन बसली. चहा ठेवला तर घेईनात, कारण अशा भेटीला आलेला माणूस चहा घेत नाही, आणि एकदा मनात धरलेलं लगेच सुटत नाही. निघताना "येतो" सुद्धा म्हणेनात.

दुपारी फाटकात रिक्षा थांबली आणि रडण्याचा आवाज आला. यांच्या आत्या. यांची आई लवकर गेली म्हणून हे पडेगावला आत्याबाईंच्या हाताखाली वाढलेले. सत्तरी पार केलेली बाई, कंबर वाकलेली, एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, आणि गळा काढलेला. "माझ्या लेकरा, मला सोडून कसा गेलास रं!" मला बघितल्यावर तिनं डबा माझ्या हातात दिला. अजून गरम होता. मी ओळखलं. पिठलं-भाकरी. ज्या घरात माणूस गेलं त्या घरची चूल पेटत नाही, सोयरे बाहेरून साधं जेवण आणतात आणि घरच्यांना बळंच खाऊ घालतात. कडू घास म्हणतात त्याला.

आत्याबाई व्हरांड्यात चढल्या आणि समोर हे, शाल पांघरून खुर्चीत.

रडणं मध्येच तुटलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे मुडद्या! जिता हायस व्हय!"

हे हसले. कित्येक महिन्यांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. आत्याबाई तिथंच खाली बसल्या आणि पुन्हा रडायला लागल्या, या खेपेला यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून. रडता रडता सगळं सांगत सुटल्या. लहानपणी एसटीच्या मागं पळायचास. तुझ्या पायाला काटा लागला की माझ्या जिवाला लागायचा. मी म्हातारी आधी जायची, तर तू रांगेत पुढं घुसतोस व्हय रं? माणूस मेल्यावर जे बोलतात, ते सगळं त्या बाईनं जित्या माणसाच्या तोंडावर सांगितलं. हे ऐकत राहिले. मी डबा धरून उभी.

मग ते म्हणाले, "काय आणलं?" मी सांगायच्या आतच आत्याबाई म्हणाल्या, "पिठलं." मी चकित झाले. कान मंद झालेली बाई, पण यांचं बोलणं तिला कळलं. "बोबडं बोलायचा तवापासून कळतंय मला याचं," म्हणाल्या.

"दे," हे म्हणाले.

"डोंबल देते!" मी ओरडले. "कडू घास आहे तो. जित्या माणसानं, आणि तोही तुम्ही? गाईला घालते आत्ता."

"दे," ते पुन्हा म्हणाले. डोळे माझ्यावर रोखून.

आत्याबाईंनी माझ्या हातून डबा घेतला. गरम पाणी मागितलं, वाटीत पिठलं पातळ केलं, आणि बोटानं यांच्या जिभेवर ठेवलं. मी श्वास रोखून उभी राहिले, ठसका येईल म्हणून. ठसका आला, पण थोडा. दुसरं बोट. तिसरं. हे डोळे मिटून खात होते. आत्याबाईंच्या पिठल्यात मीठ जरा जास्तच असायचं, जन्मभर. रक्तदाबावरून मी कितीदा भांडले असेन. त्या दिवशी ते वाटी संपेस्तोवर खात राहिले, बराच वेळ लागला, आणि शेवटी म्हणाले, "जेवल्यासारखं वाटलं."

संध्याकाळपर्यंत माणसं येतच राहिली. कुणाकुणाला पोरं खरं काय ते सांगून पाठवत होती, तरी येत होती. शाळेतले शिपाई, जुने विद्यार्थी, ज्याच्याशी बोलणं बंद होतं तो भाऊबंद. प्रत्येकजण यांच्याजवळ बसून काही ना काही चांगलं बोलून गेला. सगळे गेल्यावर हे शांतपणे म्हणाले, "चांगलं झालं. सगळे भेटून गेले. आता राहिलं काय?"

मी हातातला ताट-वाटीचा ढीग तसाच मोरीत आपटला. "मी राहिलेय! दिसत नाही मी तुम्हाला? लेक राहिलीय!" आणि चौकात गेले, स्टूल लावून वर चढले, तो हार ओढून काढला आणि फ्लेक्स फाडला. भावी नगरसेवकाचाही थोडा फाटला. लोक बघत होते. त्यानंतर दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. भरवायची, पुसायची, कूस बदलायची, पण बोलायची नाही.

मॅरेथॉनच्या पहाटे निघताना ते म्हणाले, "पहिल्यांदा हळू. सगळे पुढं जाऊ दे." मी बुटाच्या नाड्या आवळल्या.

मैदानावर जत्रा होती. गाणी, नाच, रंगीत टीशर्टातली माणसं, बहुतेक पाच-दहा किलोमीटरवाली. पूर्ण पळणारे थोडेच. त्यात माझ्या वयाची बाई मी एकटीच असेन. बंदूक वाजली आणि मी पळायला लागले. छावणी गेली, पडेगाव गेलं, रस्ता मोकळा झाला. तो शिपाई एका चौकात बंदोबस्ताला उभा होता. ड्युटीवर असल्यामुळं तो ओरडू शकत नव्हता, त्यानं नुसती शिट्टी वाजवली, जोरात.

अर्ध्यापर्यंत ठीक होतं. परतीला फिरले आणि अंगातलं सगळं संपत आलं. ऊन चढलं होतं. पोटऱ्यांत गोळे यायला लागले. एका टेबलावर स्वयंसेवकांनी हातात जेलचं पाकीट दिलं. "मॅडम, घ्या, ताकद येते." मी ते तोंडात पिळलं. गोड, चिकट, चव काहीच नाही. घशाशी गेलं आणि खाली उतरेना. वरून पाणी घेतलं, तर पाणी नाकात गेलं. ठसका लागला. असा ठसका की मी रस्त्याच्या कडेला वाकले, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि श्वास आत येईना. दोन-चार क्षणच असतील. मी मरतेय असं वाटलं. मग श्वास आला.

मी चालायला लागले. बसले नाही. पण डोक्यात एकच गोष्ट घुसली ती निघेना. हे यांचं रोजचं आहे, प्रत्येक घासाला. आणि तरी हे घास मागतात. नळीतून जे जाईल ते या पाकिटासारखं. पोटात ढकललेलं, जिभेला न कळता. कुणीतरी मागून धरून ठेवलंय म्हणून चालू असलेलं जगणं. मी इतके महिने पळत होते ती या माणसाला असल्या पाकिटावर जगवायला.

मला राग आला. कुणाचा ते कळेना. देवाचा, डॉक्टरचा, यांचा, माझा. मी रडत रडत पळत होते आणि समोरून येणारे मोटरसायकलवाले टाळ्या वाजवत होते.

पडेगावात रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर आत्याबाई बसल्या होत्या. सकाळपासून बसून होत्या म्हणे. मला बघून उठल्या. त्यांच्या ओच्यात पेरू होते, त्या भागातले, थंडीत पिकलेले. चार फोडी केल्या, मीठ लावलं. "खा गं पोरी. पोट खपाटीला गेलं तुझं."

"आत्याबाई, गिळवत नाही."

"चाव आधी. मग बघू."

मी फोड चावली. आंबटगोड, खारट, कचकच बिया. तोंडाला पाणी सुटलं. घसा मोकळा झाला. आई गं. मी रस्त्यात उभी राहून फोडीवर फोडी खाल्ल्या आणि ढसाढसा रडले. आत्याबाईंना वाटलं पाय दुखतात म्हणून रडते. त्यांनी उरलेला एक पिकलेला पेरू माझ्या मुठीत कोंबला. "त्याला बी दे. बिया काढून, मऊ करून. लई आवडायचं त्याला."

पुढचं सगळं अंतर मी तो पेरू मुठीत धरून पळाले. काही पळाले, काही चालले, काही लंगडत गेले. पोहोचले तेव्हा गाणी बंद झाली होती, माणसं कमान उतरवत होती. घड्याळ तेवढं चालू होतं. लेक टॉवेल घेऊन उभी. कुणीतरी गळ्यात मेडल घातलं. मी जिंकले होते. लेक मिठी मारून रडत होती आणि मला काहीच वाटत नव्हतं.

रिक्षानं घरी आलो. पायऱ्या चढवेनात, लेकीनं धरून आणलं. दारातच, उंबऱ्याच्या आत, एक पिशवी भरून ठेवलेली होती. आमची प्रवासाची, कापडी.

"ही कशाची?" मी विचारलं.

लेक खाली बघत म्हणाली, "पप्पांनी कालच भरायला लावली. दवाखान्यात जायची."

"काल?"

"म्हणाले, ती पळणारच. आयत्या वेळी घाई नको."

हे समोर खुर्चीत होते. केस विंचरलेले, दाढी केलेली, स्वच्छ शर्ट. कुठंतरी जायला तयार झालेला माणूस. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, पायांवर नजर थांबली. "टाच आधी टेकलीस शेवटी," म्हणाले. मग म्हणाले, "चल. कबूल केलंय."

मी तिथंच उंबऱ्यात बसले. त्या वैशाखापासून, ज्या दिवशी मी छावणीच्या वळणावर मेले म्हणाले, त्या दिवसापासून या माणसाला ठाऊक होतं की मी पोहोचणार. म्हणून शिकवत होता. हरायचं ठरवून शिकवत होता. आणि मला वाटत होतं, मी याला हरवतेय.

मी पिशवी ओढली आणि उघडली. टॉवेल काढला. दोन लुंग्या काढल्या. साबणाची डबी, पेला, नॅपकिन. एकेक बाहेर काढून बाजूला ठेवत गेले. लेक म्हणाली, "मम्मी, काय करतेस?" पिशवी रिकामी झाली तेव्हा ती झटकून घडी घातली.

"पैज?" हे म्हणाले.

"पैज मी जिंकलीय," मी म्हटलं. "जिंकणाऱ्याचं ऐकायचं. कुठं जायचं नाही."

त्यांची मान थरथरत होती, ती आजारानं थरथरायचीच. मी लेकीच्या आधारानं उठले, ओट्याला धरून उभी राहिले, पेरू चिरला, चमच्यानं गर खरवडला, बिया राहू नयेत म्हणून गाळणीतून दाबला, मीठ घातलं. त्यांच्या जिभेवर ठेवला. त्यांनी लई वेळ तो तोंडात घोळवला.

पुढचे महिने आम्ही चमचा चमचा भरवत काढले. एकेक जेवण दुपार खाऊन टाकायचं. उन्हाळा लागताना छातीत कफ भरला आणि ताप आला. ते मरण सोपं नव्हतं. सोपं होतं असं म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो, ते तिथं नव्हते. नळी असती तर हे अजून वर्षभर माझ्यासमोर असते का, हे मी अजूनही स्वतःला विचारते. गिरणी चालू असते, हात काम करत असतात, आणि मी विचारत असते.

माणसं स्मशानातून परत आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. फाटकात रिक्षा थांबली. आत्याबाई. या खेपेला त्या रडत नव्हत्या. हातात तोच स्टीलचा डबा, फडक्यात भाकरी.

"आत्याबाई, परत न्या," मी म्हटलं. "हा घास ज्याचा होता त्यानं खाल्लाय. एका माणसाचा दोनदा कशाला?"

त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. डबा उघडला, भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली.

"त्यानं त्याचा खाल्ला," म्हणाल्या. "हा तुझा हाय. तोंड उघड."

मी उघडलं. पिठल्यात मीठ जास्त झालं होतं. यांना तसंच आवडायचं.